पाण्याचा जिना
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या वर्षी धाकट्या जाऊबाईंच्या बाळंतपणासाठी मी तीन महिने अमेरिकेत सिएटलला राहून आले. तिथे काय काय पाहिलेत, असे सगळ्याजणी विचारतात. मी सातवी शिकलेली. मोठ्या गोष्टी मला सांगता येणार नाहीत. पण बोटींना वर चढवणारे एक ठिकाण पाहिले, त्याविषयी चार शब्द सांगते.

सिएटलच्या एका अंगाला समुद्र आहे आणि आतल्या अंगाला गोड्या पाण्याची तळी. तळ्यांचे पाणी समुद्राहून उंच आहे. भरती-ओहोटीप्रमाणे हा फरक ६ फुटांपासून २६ फुटांपर्यंत होतो. मधून कालवा खणला आहे. पण बोटीने हा चढ चढावा कसा? म्हणून बॅलर्ड भागात दोन मोठे हौद बांधले आहेत. त्यांना लॉक म्हणतात. मोठा ८२५ फूट लांब व ८० फूट रुंद, धाकटा १५० फूट लांब व ३० फूट रुंद. १९१७ साली त्यांचे उद्घाटन झाले आणि ते आजही चालू आहेत. पाहायला तिकीट नाही.

आम्ही धाकट्या हौदाच्या कठड्याशी उभे राहिलो. समुद्राकडून पाच-सहा बोटी आत आल्या. एक जाळी लादलेली कोळ्यांची, एक पांढरीशुभ्र कुणा श्रीमंताची. कामावरच्या बाईने दोर घेऊन त्या बांधल्या. मागची दारे मिटली आणि पाणी चढू लागले. त्याला पंप नाही. तळ्याचे उंचावरचे पाणी आपल्याच भाराने बोगद्यांतून आत उतरते. दारांचे टोक तळ्याकडे असते, म्हणून पाणी जितके रेटील तितकी ती घट्ट बसतात. बघता बघता खाली असलेली माणसे आमच्या समोरासमोर आली. पाण्याने जाळीवाल्याला आणि श्रीमंताला सारखेच उचलले, हे मला फार आवडले.

माशांचीही सोय आहे. सॅमन मासे समुद्रात वाढतात आणि अंडी घालायला जन्मल्या नदीकडे परततात. त्यांच्यासाठी २१ पायऱ्यांचा पाण्याचा जिना आहे. काचेतून पाहिले, तर बाळंतपणाला माहेरी निघालेल्या लेकीच जणू, धारेच्या उलट नेटाने चढत होत्या.

पण भावोजींनी पुढची हकीगत सांगितली. या कालव्यासाठी १९१६ साली मोठ्या तळ्याचे पाणी सुमारे ९ फूट उतरवले. त्या तळ्यातून ब्लॅक नावाची नदी निघत असे, ती त्यामुळे आटली. तिच्या काठी दुवामिश लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती होती. तिच्यातल्या माशांवर ते जगत. बोटींना जिना झाला, माशांना झाला. त्या लोकांची नदी मात्र परत आली नाही.

भगिनींनो, मंडळाच्या खोलीसाठी मागल्या आळीतली विहीर बुजवावी, असे बोलणे चालले आहे. खोली हवीच; दर पावसाळ्यात आपला शिवणवर्ग बंद पडतो. पण नळ गेला की मागल्या आळीच्या बायका त्याच विहिरीवर येतात, आणि त्यांतली एकही आज या सभेत नाही. ठराव करण्याआधी आपण चौघीजणी त्यांच्या दारी जाऊन विचारू या. त्यांनी मनापासून हो म्हटले, तर खोलीची पहिली वर्गणी माझी.