चीजकेक घड्याळ बघून होत नाही!

हेडफोन लावलेत ना? आज माझ्या एका फसलेल्या चीजकेकची गोष्ट सांगते, म्हणजे तुमचा तरी फसणार नाही.

मागच्या वर्षी मला पहिली पैसेवाली ऑर्डर मिळाली. आमच्याच बिल्डिंगमधल्या काकूंच्या मुलीचा साखरपुडा. दोन थरांचा चीजकेक: खाली चॉकलेट, वर व्हॅनिला. रेसिपीत होतं, १८० अंशांवर ४५ मिनिटं. मी टायमर लावला आणि निवांत रील्स बघत बसले. बाहेर काढला तर कडा तपकिरी, मधोमध ही मोठी भेग, आणि सुरी घातली तर खालचं चॉकलेट पातळच!

रात्री अकरा वाजता काकूंच्या दारात उभी राहून म्हणाले, "काकू, केक बिघडला." पैसे परत दिले. त्या काहीच बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

घरी आल्यावर आई म्हणाली, "अगं, खरवस आपण कधी भडक आचेवर करतो का? जाळी पडते, पाणी सुटतं." आणि माझी ट्यूब पेटली. नावात केक असला तरी हा प्रकार खरवसाच्याच जवळचा. तो मैद्यामुळे फुगत नाही, अंड्यामुळे हळूहळू घट्ट होतो. उष्णता जास्त झाली की अंडं आक्रसतं, आणि भेग पडते.

मग आता मी काय करते? सात इंची टिन, अर्धा किलो क्रीम चीज, तीन अंडी, असं धरून सांगते.

आधी फक्त बिस्किटांचा तळ, १७० अंशांवर १० मिनिटं. तो गार होऊ द्यायचा. मग ओव्हन १५० वर आणायचा. चॉकलेटचा थर ओतून १५ ते २० मिनिटं, कडेला जरा धरेपर्यंतच. त्यावर व्हॅनिलाचं मिश्रण चमच्याच्या पाठीवरून हळू सोडायचं, नाहीतर खालच्या थराला खड्डा पडतो. मग पुन्हा १५० वरच, साधारण ५० ते ६० मिनिटं. ओव्हनला फॅन असेल तर २० अंश कमी ठेवा.

टिनला बाहेरून फॉइल गुंडाळून गरम पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवा. पाणी १०० अंशांच्या वर जातच नाही, त्यामुळे कडा करपत नाहीत.

आणि ही मिनिटं म्हणजे फक्त अंदाज हं! तेवढंच मिश्रण लहान टिनमध्ये ओतलं तर थर जाड होतो आणि वेळ वाढते. शिवाय ओटीजीच्या बटणावरचा आकडा खरा असेलच असं नाही. मी आत ठेवायचा थर्मामीटर आणला, तर बटण १८० वर असताना आत २०० च्या पुढे होतं! म्हणजे त्या रात्री रेसिपीतलं तापमान आधीच जास्त, त्यात माझ्या ओव्हनने भर घातली.

मग झाला हे कसं ओळखायचं? टिन हलकेच हलवा. कडा स्थिर, आणि मधला दोन-तीन इंचांचा भाग जेलीसारखा थरथरला पाहिजे. लाटेसारखा हिंदकळला तर अजून कच्चा आहे. टोचायचा थर्मामीटर असेल तर मधोमध ६५ ते ६८ अंश. लगेच ओव्हन बंद, दार जरासं उघडं, तासभर आतच. मग बाहेर पूर्ण गार करून रात्रभर फ्रिजमध्ये. तिथेच तो नीट घट्ट होतो. म्हणून ऑर्डरच्या आदल्या दिवशीच करायचा. मी तेव्हा त्याच दिवशी करायला घेतला होता!

बिनअंड्याच्या चीजकेकचं गणित वेगळं, त्यावर पुढच्या भागात बोलू.

हो, आणि काकू? गेल्या महिन्यात जावयाच्या वाढदिवसाला त्यांनीच दार वाजवलं. म्हणाल्या, "तोच कर. दोन थरांचा."

या वेळी मी टायमर लावला, पण ओव्हनसमोरून हलले नाही. चला, भेटू!