यादीत कोणाचे नाव घालावे?



महाशिवरात्रीच्या यात्रेला औंढ्यास आलेल्या परक्या माणसाला नागनाथाची वाट कोणीही दाखवील. पण रात्री त्याच्या पोराला साप चावला, तर कोणती वाट दाखवावी? आरोग्य व मदतीच्या ठिकाणांची यादी करावयास आम्ही बसलो, तेव्हा पहिला वाद येथेच पेटला. कोणी म्हणाले, लोक आधी मांत्रिकाकडे जातात, त्याचेही नाव असू द्या. आम्ही ते घातले नाही. लोक कोठे जातात हे त्यांना ठाऊकच आहे; त्यासाठी यादी कशाला? विषारी दंशावर प्रतिविषाचे इंजेक्शन हाच उतारा, आणि मंत्रात गेलेली घटका परत मिळत नाही. मात्र यादीची एक प्रत मांत्रिकाच्या घरी अवश्य द्यावी, असे ठरविले. काहींना ते रुचले नाही.

२०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आहे, मुलांसाठी १०९८, मनाच्या आजारासाठी २०२२ पासून १४४१६. हे आकडे घालणे सोपे. पण खाजगी दवाखाने? देणगी देईल त्याचे नाव वर, अशी सूचना आली. मग ती यादी कसली, जाहिरातच! आम्ही एवढेच विचारले : दार केव्हा उघडे असते, पैसे किती पडतात, कागद कोणता लागतो? ज्यांनी उत्तर दिले नाही, त्यांची नावे गाळली. त्यांत आमचे एक स्नेहीही होते; ते अजून बोलत नाहीत.

प्रत्येक नावापुढे चौकशीची तारीख घातली आहे. सहा महिन्यांनी पुन्हा फिरावे लागेल. त्यासाठी चार माणसे हवीत. दोन मिळाली आहेत.