घरच्या संगणकावरील टपाल



नागपूरच्या सीताबर्डी स्थानकात मेट्रोचे दोन मार्ग एकमेकांना छेदतात; एक उत्तर-दक्षिण जातो, दुसरा पूर्व-पश्चिम. उतारूने आपला फलाट ओळखला नाही, तर गाडी वेळेवर मिळूनही तो भलत्याच टोकास पोहोचतो. सीताबर्डीच्या बाजारातून संगणक विकत घेऊन गावी परतणाऱ्या शिक्षकाच्या घरी पुष्कळदा असेच घडते.

परिपत्रकाच्या तळाशी ई-मेलचा पत्ता निळ्या अक्षरांत असतो. त्यावर टिचकी मारताच एखादा अनोळखी प्रोग्राम उघडतो आणि परवलीचा शब्द मागतो. गुरुजी गोंधळून तो बंद करतात, आणि शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्यांची यादी घरीच पडून राहते. यात नुकसान होते ते विद्यार्थ्याचे.

दोष यंत्राचा नसतो. त्या निळ्या पत्त्यामागे 'मेलटू' हा संकेत असतो. पत्र कोणास पाठवावयाचे एवढेच तो सांगतो. ते कोणत्या प्रोग्रामातून लिहावयाचे, हे मालकाने एकदा ठरवून द्यावयाचे असते. असा ठरविलेला प्रोग्राम म्हणजेच डीफॉल्ट प्रोग्राम होय.

जुन्या संगणकांवर विशेष लक्ष द्यावे. विंडोजबरोबर येणाऱ्या 'मेल' या प्रोग्रामचा आधार 31 डिसेंबर 2024 रोजी संपला. संगणक अद्याप त्याच्याकडेच बोट दाखवीत असेल, तर पत्र जाणार नाही. त्याच्या जागी आउटलुक किंवा विनामूल्य मिळणारा थंडरबर्ड घेता येतो.

प्रथम निवडलेल्या प्रोग्रामात आपले ई-मेल खाते जोडावे. 'पॉप' आणि 'आयमॅप' असे दोन पर्याय दिसल्यास आयमॅप घ्यावा. त्यायोगे पत्रे मूळ सर्व्हरवर राहतात आणि घरच्या संगणकावर व मोबाइलवर सारखीच दिसतात. नंतर विंडोजच्या सेटिंग्जमधील 'अ‍ॅप्स' व त्यातील 'डीफॉल्ट अ‍ॅप्स' हा भाग उघडावा. विंडोज 10 मध्ये तेथे 'ईमेल' असे शीर्षक आहे. विंडोज 11 मध्ये शोधचौकटीत 'मेलटू' हा संकेत इंग्रजी अक्षरांत लिहावा. समोर येणाऱ्या यादीतून आपला प्रोग्राम निवडावा. जे जीमेल ब्राउझरमध्येच वाचतात, त्यांनी येथे तो ब्राउझर निवडावा आणि ई-मेलचे दुवे उघडण्याची परवानगी त्यात जीमेलला द्यावी.

एवढ्याने काम संपत नाही. डीफॉल्ट ठरविले पण खाते जोडले नाही, तर प्रोग्राम उघडतो, पत्र मात्र निघत नाही. यास्तव पहिले पत्र स्वतःच्याच पत्त्यावर पाठवावे. ते 'आउटबॉक्स'मध्ये अडकले नाही ना, 'सेंट'मध्ये दिसते ना आणि परत आपणाकडे पोहोचले ना, हे तिन्ही पाहावे.

विद्यार्थ्याने गणित सोडविल्यावर ताळा करावा, असा शिक्षकांचा आग्रह असतो. तोच नियम त्यांनी आपल्या टपालासही लावावा. अर्ध्या तासाचे हे काम यादी पाठविण्याच्या अखेरच्या दिवसाकरिता राखून ठेवू नये.