प्राणवायूचा हक्क : वैमानिकाचा आणि चेंबरमध्ये उतरणाऱ्याचा

(कल्याण-डोंबिवली परिसरातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



लढाऊ विमानाच्या वैमानिकाला प्राणवायू कसा पुरविला जातो, हा विषय कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात लढाऊ विमानांचा तळ नाही आणि ती विमाने जोडणारा कारखानाही नाही. तरीही हा विषय आपल्या दारातलाच आहे. कामाच्या जागी माणसाला श्वास घेता येईल याची हमी कोणी द्यायची, ती देण्यात कसूर झाली तर दोष कोणाच्या माथी मारायचा, आणि धोका दिसत असताना काम नाकारण्याचा अधिकार कोणाला आहे, हे तीन प्रश्न वैमानिकाच्या बाबतीत जितके खरे आहेत तितकेच ते चेंबरमध्ये उतरणाऱ्या सफाई कामगाराच्या बाबतीतही खरे आहेत. त्यांची उत्तरे मात्र सर्वस्वी निराळी मिळतात.

प्रथम थोडे शास्त्र समजून घेतले पाहिजे. हवेतील प्राणवायूचे प्रमाण उंचीबरोबर बदलत नाही. ते सुमारे २१ टक्केच असते. बदलतो तो हवेचा दाब. १८ हजार फुटांवर हा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. ३४ हजार फुटांच्या आसपास शुद्ध प्राणवायू दिला तरच फुप्फुसांना समुद्रसपाटीइतका प्राणवायू मिळतो; ४० हजार फुटांच्या पलीकडे तो दाब देऊनच पुरवावा लागतो. प्राणवायू कमी पडला की माणसाला गुदमरल्यासारखे होईलच असे नाही. उलट पुष्कळदा त्याला हलके, प्रसन्न वाटू लागते. विचारशक्ती मंदावते आणि ती मंदावल्याचे भान त्यालाच राहत नाही. ३५ हजार फुटांवर पुरवठा तुटला तर शुद्धीवर राहून काही उपाय करण्यास एखाद्या मिनिटाहून अधिक अवधी मिळत नाही. धोका ओळखण्याचे जे साधन, ते मेंदूच आधी निकामी होते, म्हणून येथे केवळ माणसाच्या सावधपणावर भिस्त ठेवणे अशास्त्रीय ठरते.

पूर्वी विमानात प्राणवायूचे सिलिंडर किंवा द्रवरूप प्राणवायूची टाकी असे. ती भरून होईपर्यंत विमान जमिनीवर खोळंबे, आणि साठा संपला की उड्डाणही संपे. यावर उपाय म्हणून विमानातच प्राणवायू निर्माण करणारी यंत्रणा आली. इंजिनातून काढलेली दाबाखालची हवा जिओलाइट नावाच्या खनिजाच्या थरातून नेली की त्यातील नत्रवायू थराला चिकटतो आणि प्राणवायूने समृद्ध झालेली हवा पुढे जाते. दाब कमी केला की नत्रवायू सुटतो आणि तो थर पुन्हा कामाला लागतो. असे दोन थर आळीपाळीने चालविले की पुरवठा अखंड राहतो. आपल्याकडे ‘तेजस’साठी ही यंत्रणा संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या बंगळूर येथील प्रयोगशाळेने तयार केली. ४ मार्च २०२५ रोजी ५० हजार फुटांपर्यंतच्या उड्डाणात तिची चाचणी झाली. आपल्या शास्त्रज्ञांचे हे यश निर्विवाद आहे.

परंतु यंत्र कितीही प्रगत असले तरी त्याच्याभोवती व्यवस्था असते, आणि व्यवस्थेला हिशेब असतात. अमेरिकेच्या एफ-२२ या अत्यंत महागड्या विमानाची हकीकत या दृष्टीने उद्बोधक आहे. १६ नोव्हेंबर २०१० रोजी अलास्कात त्या विमानाला अपघात होऊन कॅप्टन जेफ्री हेनी हा वैमानिक मरण पावला. इंजिनातून येणाऱ्या हवेच्या मार्गात बिघाड झाला होता आणि प्राणवायूचा पुरवठा बंद पडला होता. राखीव प्राणवायू होता. पण त्यासाठी आसनालगतची एक कडी हाताने ओढावी लागे. हिवाळी उड्डाणाचा जाडजूड पोशाख आणि हातमोजे घातलेल्या, श्वास कोंडलेल्या माणसाने ते काही क्षणांत करावे, अशी ती अपेक्षा होती. आपोआप सुरू होणारी राखीव यंत्रणा विमानाचे वजन वाचविण्यासाठी आराखड्यातून आधीच वगळण्यात आली होती. असे असूनही हवाई दलाच्या चौकशीने दोष दिला तो मृत वैमानिकाला : त्याचे लक्ष विचलित झाले, असा निष्कर्ष निघाला. २०१३ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्याच महानिरीक्षकांनी हा निष्कर्ष पुराव्याने सिद्ध होत नसल्याचे नोंदविले.

मधल्या काळात अनेक वैमानिकांना चक्कर, गोंधळ, दम लागणे असे त्रास होतच होते. २०११ मध्ये काही महिने विमाने जमिनीवर ठेवली आणि पुन्हा उडविली. त्रास संपला नाही. अखेर मे २०१२ मध्ये दोन वैमानिकांनी दूरचित्रवाणीवर येऊन हे विमान उडविण्यास आपण नकार दिल्याचे जाहीर केले. त्यानंतर चक्रे फिरली. वैमानिकांच्या दाब-बंडीतील सदोष झडप श्वासात अडथळा आणते हे मान्य झाले, ती बदलली आणि आपोआप चालणारी राखीव प्राणवायू यंत्रणा बसविण्यात आली.

२०१७ मध्ये याहून मोठी गोष्ट घडली. अमेरिकी नौदलाच्या टी-४५ या प्रशिक्षण विमानांत प्राणवायूच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा शंभराहून अधिक प्रशिक्षक वैमानिकांनी उड्डाण करण्याचे नाकारले. ५ एप्रिल २०१७ पासून नौदलाला ही विमाने जमिनीवर ठेवावी लागली. अधिकृत भाषेत या घटनेला तात्पुरता विराम म्हटले गेले. कामगार चळवळीच्या शब्दकोशात तिला संप म्हणतात. जगातील सर्वांत शिस्तबद्ध मानल्या जाणाऱ्या नोकरीत, गणवेशातल्या माणसांनी, सुरक्षिततेच्या मुद्द्यावर काम थांबविले आणि त्यांना कोणी देशद्रोही ठरवू शकले नाही. त्याच वर्षी नासाच्या तज्ज्ञांनी नौदलाच्या विमानांतील या तक्रारींचा आढावा घेतला. त्याचा रोख असा होता की हा त्रास माणसाला होतो, विमानाला नव्हे. म्हणून केवळ सुटे भाग तपासण्याऐवजी वैमानिकाच्या श्वासाचे मोजमाप करा. माणूस केंद्रस्थानी ठेवा, ही समाजवादी विचाराची जुनीच मागणी तेथे अभियांत्रिकीच्या भाषेत मांडली गेली.

आता आपल्या भूमीकडे वळू. एप्रिल २०२१ मध्ये प्राणवायू हा शब्द घराघरात पोहोचला. निसर्गात ज्याचा तुटवडा नाही अशा वस्तूसाठी माणसे रांगेत उभी होती. महाराष्ट्राचे दैनिक उत्पादन साडेबाराशे टनांच्या आसपास होते आणि मागणी त्यापुढे गेली होती. १९ एप्रिलला कळंबोलीहून सात रिकामे टँकर घेऊन पहिली ‘ऑक्सिजन एक्सप्रेस’ विशाखापट्टणमकडे निघाली. टँकरच्या उंचीमुळे घाटातला जवळचा मार्ग वर्ज्य होता, म्हणून ती वसईमार्गे वळसा घालून गेली. २६ एप्रिलला ठाण्यातील एका खासगी रुग्णालयात चार रुग्ण दगावले. प्राणवायू संपल्याचा आरोप नातेवाइकांनी केला, रुग्णालयाने तो नाकारला. त्याआधी २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात टाकीला गळती लागली, पुरवठा तुटला आणि २२ रुग्ण मरण पावले. त्याच नाशिक जिल्ह्यात ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात लढाऊ विमाने तयार होतात. विमानातील प्राणवायूची प्रत्येक झडप तपासली जाते, नोंदली जाते, तिच्यासाठी कोणीतरी नावानिशी उत्तरदायी असतो. रुग्णालयाच्या टाकीला तशीच शिस्त असावी असे आधी कोणाला का वाटले नाही?

येथे अर्थशास्त्राचा मुद्दा येतो. ‘तेजस’मधल्या यंत्रणेचेच तंत्र वापरून मिनिटाला एक हजार लिटर प्राणवायू देणारी रुग्णालयीन संयंत्रे बनविता येतात, हे देशाला २०२१ च्या एप्रिलअखेर समारंभपूर्वक सांगण्यात आले. तीन महिन्यांत अशी पाचशे संयंत्रे उभारण्याची घोषणा झाली. तंत्र आधीपासून होते. पैसाही होता. रुग्णालयांसाठी १६२ संयंत्रे केंद्राने आधीच मंजूर केली होती आणि त्यांचा खर्च सुमारे २०१ कोटी रुपये होता. परंतु १८ एप्रिल २०२१ पर्यंत त्यांपैकी केवळ ३३ बसली होती. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत ८३ तेजस विमानांचा सुमारे ४८ हजार कोटींचा करार झाला. म्हणजे १६२ रुग्णालयांच्या प्राणवायूचा खर्च एका विमानाच्या सरासरी किमतीच्या निम्म्याहूनही कमी होता. देशाच्या संरक्षणावर खर्च करू नये असा याचा अर्थ नव्हे. अर्थ इतकाच की अडचण साधनांची नसून अग्रक्रमाची होती. लष्करी गरज ही ‘गरज’ आणि नागरिकाची गरज ही ‘खर्च’, अशी आपल्या अर्थसंकल्पांची भाषा आहे. पुढे २० जुलै २०२१ रोजी, नाशिक जिल्ह्यातूनच निवडून आलेल्या केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री भारती पवार यांनी राज्यसभेत सांगितले की प्राणवायूअभावी झालेल्या मृत्यूंची वेगळी नोंद राज्यांनी कळविलेली नाही. हेनीच्या बाबतीत दोष मृताला दिला गेला. येथे मृत्यूच्या कारणालाच कागदावर जागा मिळाली नाही.

आता ज्यांच्यासाठी हा विषय मांडला, त्यांच्याकडे येऊ. वैमानिक आकाशात जातो तसा आपल्या शहरातला एक कामगार रोज जमिनीखाली जातो. बंद चेंबरमध्ये, मैला टाकीत, वापरात नसलेल्या विहिरीत कुजण्याच्या क्रियेने प्राणवायू घटतो आणि हायड्रोजन सल्फाइड, मिथेन यांसारखे वायू साचतात. हायड्रोजन सल्फाइड थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो; तो प्राणघातक प्रमाणात वाढला की वास घेण्याची शक्तीच मारतो. म्हणजे येथेही धोका ओळखण्याचे इंद्रिय आधी निकामी होते. आकाशातला वैमानिक आणि चेंबरमधला कामगार यांचे शरीरशास्त्र एकच आहे. दोघांमागे उभी असलेली व्यवस्था मात्र एक नाही.

१ नोव्हेंबर २०१८ रोजी कल्याण पूर्वेला नेतिवली परिसरातील एका विहिरीत पाच जण गुदमरून मरण पावले. विहीर साफ करायला उतरलेल्याच्या पाठोपाठ त्याला वाचवायला गेलेले बळी पडले आणि त्यांत अग्निशमन दलाचे दोन जवान होते. मे २०१९ मध्ये ठाण्यात ढोकाळी येथे एका गृहसंकुलातील सांडपाण्याची टाकी साफ करताना तीन तरुण कामगारांचा जीव गेला. २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारे व मैला टाक्यांच्या धोकादायक सफाईत देशात ३७७ माणसे मेल्याचे केंद्र सरकारने संसदेत सांगितले. हे मरणारे बहुतांश कोणत्या जातींचे असतात हे या सभागृहात सांगण्याची आवश्यकता नाही. फुले-आंबेडकरांच्या महाराष्ट्रात श्वासाचीसुद्धा उतरंड आहे.

कायदा नाही असे नाही. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून माणसाला गटारात उतरविणे हा गुन्हा ठरविला. त्याखालच्या नियमांत वायुमापक, हवा खेळविणारा पंखा, नळीने श्वास पुरविणारा मुखवटा यांची यादीच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मृताच्या कुटुंबाला १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. पण भरपाई मृत्यूनंतर मिळते. मृत्यूआधीच्या हक्काचे काय? कारखाना कायद्यात भोपाळनंतर, १९८७ मध्ये, आसन्न धोक्याची सूचना देण्याचा अधिकार कामगाराला मिळाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितेतही धोका मालकाच्या व निरीक्षकाच्या कानावर घालण्याची तरतूद आहे. सांगण्याचा हक्क आहे. हात बांधून उभे राहण्याचा, ‘मी उतरणार नाही’ असे म्हणूनही त्या दिवसाची मजुरी मिळविण्याचा हक्क मात्र स्पष्ट शब्दांत कोठेही नाही. ठेकेदाराच्या उपठेकेदाराकडे रोजंदारीवर आलेल्या माणसाने नकार दिला, तर नाक्यावर दुसरा उभा असतो. टी-४५ च्या प्रशिक्षकांना हे भय नव्हते. त्यांच्यामागे वर्षानुवर्षांच्या खर्चिक प्रशिक्षणाची किंमत होती, म्हणून त्यांचा नकार ऐकला गेला. बाजाराच्या हिशेबात आपल्या कामगाराची किंमत शून्य आहे. ही किंमत संघटनेवाचून वाढत नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनी काय करावे? पहिले काम माहिती मिळविण्याचे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांकडे माहितीच्या अधिकारात विचारा : वायुमापक किती, श्वसनसंच किती, त्यांची शेवटची तपासणी कधी झाली, आणि कोणत्या ठेक्याच्या करारात ती साधने सक्तीची आहेत? २०२१ नंतर बसविलेली प्राणवायू संयंत्रे आज चालू आहेत की धूळ खात पडली आहेत, हेही विचारा. दुसरे काम गृहनिर्माण संस्थांत जाण्याचे. टाकी साफ करून घेणारी संस्था ही त्या वेळी मालक असते, ही जाणीव मध्यमवर्गीय सभासदांना करून द्या; त्यांतले कितीतरी आपले सहानुभूतीदारच आहेत. यंत्राने सफाई करून घेण्याचा ठराव वार्षिक सभेत मांडता येतो आणि त्यासाठी कोणत्याही मंत्र्याची परवानगी लागत नाही. तिसरे काम मागणीचे. लेखी परवाना, वायूची मोजणी आणि वर उभे असलेले बचाव पथक यांवाचून कोणीही खाली उतरणार नाही, आणि उतरण्यास नकार देणाऱ्याची मजुरी व काम दोन्ही सुरक्षित राहतील, असे कलम महापालिकेच्या प्रत्येक ठेक्यात असले पाहिजे. मूळ मालकाला ठेकेदाराच्या आड लपता येऊ नये.

वैमानिकाचा प्राणवायू कमी करून कामगाराला द्यावा, अशी ही मागणी नाही. वैमानिकाच्या श्वासासाठी जी काळजी, जी मोजमापे, जी उत्तरदायित्वाची साखळी देशाने शक्य करून दाखविली, तीच चेंबरच्या तोंडाशी उभी करावी, एवढीच ती आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी, नालेसफाईचे ठेके निघण्याच्या आधी, हे कलम करारात आले पाहिजे. ठेके निघाल्यावर मोर्चा काढण्यात फारसा अर्थ राहणार नाही.