पाहुण्यांची वही

मी कॉलेजात मराठी शिकवतो. तेव्हा पक्ष्यांवर बोलायला हा गृहस्थ कोण, असा प्रश्न आपल्या मनात आला तर त्यात वावगे काही नाही. पक्षिशास्त्र मी शिकलेलो नाही. मला या नादाला लावले ते एका विद्यार्थ्याने, आणि तेही माझी चांगली फजिती करून.

पंधरा-सोळा वर्षे झाली असतील. वर्गात जुन्या काव्यातल्या उपमा चालल्या होत्या. मृगनयना झाली, मीनाक्षी झाली आणि मग 'खंजननयना' हा शब्द आला. खंजन पक्ष्यासारखे चंचल डोळे असलेली ती खंजननयना, असे मी सांगितले. मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, खंजन म्हंजी कुठला पक्षी?"

"असतो एक चंचल पक्षी."

"आपल्याकडं असतोय का?"

"नाही. तो तिकडे उत्तरेत असतो."

प्राध्यापकाला उत्तर येत नसले म्हणजे 'तिकडे उत्तरेत' हा प्रदेश फार सोयीचा पडतो! पण मनाला टोचणी लागली. तास संपल्यावर ग्रंथालयात जाऊन कोश काढला. त्यात अर्थ होता: धोबी पक्षी. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच मुलगा कॉलेजच्या पटांगणावर भेटला. त्याला मी 'धोबी' म्हणताच त्याने बोट केले. "ह्यो काय सर! आमच्या पाटावर तर रोजच असतोय." पाहतो तर आमच्यापासून दहा पावलांवर एक पांढरा-काळा-करडा चिमुकला पक्षी तुरुतुरु धावत होता, थांबत होता आणि सारखी शेपटी वरखाली आपटत होता. धोबी कपडे आपटतो ना, अगदी तशी! इतकी वर्षे मी खंजन शिकवत होतो आणि तो माझ्या खिडकीखाली चालत होता.

आणि गंमत अशी की, माझे 'उत्तरेत' हे उत्तर अगदीच खोटे नव्हते. पांढरा धोबी आपल्याकडे पाऊस ओसरल्यावर येतो आणि उन्हे तापू लागली की परततो. त्याचे घरटे, त्याची पिल्ले हा सारा संसार हिमालयात, मध्य आशियात आणि त्याच्याही उत्तरेला. आपल्या नद्यांच्या काठी बारमाही राहणारा एक मोठा धोबीही आहे. पण हा छोटा मात्र खरा पाहुणा. वजन वीस-पंचवीस ग्रॅम. एवढासा जीव सूर्य, तारे आणि पृथ्वीचे चुंबकत्व यांच्या खुणेने वाट काढत शेकडो कोस येतो. कित्येकदा तर मागच्या वर्षी जिथे होता त्याच जागी येतो. पायात कडे अडकवलेला एक करडा धोबी मुंबईतल्या एका लहानशा हिरवळीवर हिवाळ्यामागून हिवाळे परत येत राहिला, ही हकीकत डॉ. सलीम अली यांनी सांगितली आहे.

आपल्या पूर्वजांचेही या पाहुण्याकडे लक्ष होते. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त खंजनावर एक स्वतंत्र अध्याय आहे. वर्षात खंजन प्रथम कुठे दिसला, कसा दिसला, यावरून त्यात शुभाशुभ सांगितले आहे. शुभाशुभाचे आपण बाजूला ठेवू. पण यंदा हा पक्षी पहिल्यांदा केव्हा दिसला, इकडे माणसे डोळे लावून बसत असत, एवढे तरी त्यावरून खास ठरते. हे वाचल्यावर मी एक शंभर पानी वही आणली आणि पहिल्या पानावर लिहिले: 'धोबी. पटांगण. सकाळी साडेसात. एक.'

त्या वहीविषयीच आज आपल्याशी बोलायचे आहे.

पक्षी पाहायचे म्हणजे अरण्यात जायला हवे, भारी दुर्बीण हवी, अशी आपली समजूत असते. तसे काही नाही. आमचा तालुका कोरडवाहू. ज्वारीची शेते, बोडके माळ, चार ओढे आणि अलीकडे उजनीचे पाणी. मी आणि पाचसहा विद्यार्थी हिवाळ्यातल्या रविवारी पहिल्या एस्टीने निघतो, कुठल्यातरी फाट्यावर उतरतो आणि पायी चालू लागतो. उजाडल्यापासून ऊन तापेपर्यंतचे दोन-तीन तास, एवढाच आमचा उद्योग.

या दोन-तीन तासांत काय काय दिसते म्हणता? तारेवर कोतवाल आणि वेडा राघू बसलेले असतात. ते आपल्या घरचेच. बाभळीच्या शेंड्यावर खाटीक असतो. बांधावरच्या दगडावर थिरथिरा बसून विटकरी शेपूट थरथरवत असतो. हा हिवाळी पाहुणा. चरणाऱ्या गुरांच्या पायांत पिवळे धोबी घोटाळत असतात, कारण गुरांच्या खुरांनी गवतातले किडे उडतात आणि यांची न्याहारी आयती होते.

ज्वारी दाण्यात आली की मात्र निराळाच देखावा. दुरून धुराचा लोट यावा तसा पक्ष्यांचा थवा येतो, हवेत वळतो, पसरतो, पुन्हा आवळतो आणि एकदम पिकात उतरतो. या भोरड्या. डोके आणि पंख काळे, अंग गुलाबी. पूर्व युरोपापासून मध्य आशियापर्यंत त्यांची वीण होते. एकदा मी असा थवा पाहत 'वा! वा!' म्हणत उभा होतो, तर माचाणावरून गोफण फिरवणारे एक आबा ओरडले, "सर, तुमचं वा वा हुतंय, पर माझी कणसं रिकामी हुत्यात!"

आबांचे म्हणणे खरे होते, आणि पक्षिप्रेमी म्हणवणाऱ्या माणसाने ते आधी कबूल केले पाहिजे. भोरडी ज्वारीचे नुकसान करते. तिला हाकलण्याचा शेतकऱ्याला पुरा हक्क आहे. पण तिच्या हिशेबाची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. आपल्या मुलखात ती टोळ आणि नाकतोडे यांचा फडशा पाडते. इकडे फाल्गुनात पळस, पांगारा, काटेसावर फुलली की मधासाठी ती फुलाफुलांवर फिरते आणि तिच्या डोक्याला लागलेले पराग या झाडावरून त्या झाडावर जातात. तिला पळसमैना म्हणतात ते उगीच नव्हे. मी हे सांगितल्यावर आबा हसले. म्हणाले, "मग पळसावर जा म्हणावं की तिला!" आणि खाली उतरून त्यांनी आम्हाला हुरडा दिला.

पौष-माघात आम्ही उजनीच्या काठाला जातो. भीमेवरचे हे धरण १९८० च्या सुमारास पुरे झाले. कित्येक गावांची काळी जमीन त्याच्या पाण्याखाली गेली. ते दुःख त्या गावांनी सोसले आहे, ते विसरून चालणार नाही. हिवाळा सरत जातो तसे पाणी मागे हटते, काठाला चिखल उघडा पडतो आणि त्यावर पाहुण्यांची पंगत बसते. भिगवण, कुंभारगाव या बाजूला रोहित पक्षी येतात. लांब पायांचे हे गुलाबी-पांढरे पक्षी मान खाली घालून, चोच उलटी धरून पाणी गाळून खातात. त्यांना नावेतून दाखवायला नेणे हा आता तिथल्या मच्छीमार बांधवांचा जोडधंदा झाला आहे. तिथेच एखाद्या सकाळी पट्टकादंब हंस दिसतात. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे, ही त्यांची खूण. हे लडाख, तिबेट, मंगोलिया या भागांतले. हिमालय ओलांडताना ते ७,००० मीटरहून उंच उडाल्याच्या नोंदी शास्त्रज्ञांनी यंत्रे लावून घेतल्या आहेत. एवढा पर्वत ओलांडून आलेला हंस हरभऱ्याच्या रानाशेजारी निवांत चरताना पाहिला, की आपल्या शिवाराचा पत्ता किती दूरवर ठाऊक आहे याचे नवल वाटते.

पण श्रोतेहो, सगळे पाहुणे पाण्यावर उतरत नाहीत. काही आपल्या माळावर उतरतात आणि त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. अशाच एका माळाची हकीकत सांगतो. गावाचे नाव सांगत नाही. आपल्याच गावासारखे एक गाव समजा.

गावाला मोठे गायरान. कुसळी, पवन्या, मारवेल असे गुडघाभर गवत. तिथल्या प्राथमिक शाळेचे गुरुजी माझे जुने विद्यार्थी. एका डिसेंबरात ते मला म्हणाले, "सर, संध्याकाळी माळावर घारीसारखी पाखरं उतरतात. बघायला या." गेलो. दिवस मावळताना गवतावरून अगदी खालून, पंख किंचित वर उचलून तरंगत ते पक्षी येऊ लागले. काही राखी, काही तपकिरी. घिरट्या घालत एकेक गवतात उतरला आणि दिसेनासा झाला. हे भोवत्या पक्षी. कझाकस्तान, रशिया इकडच्या गवताळ प्रदेशांतून येतात, दिवसभर रानोमाळ नाकतोडे, उंदीर, सरडे टिपतात आणि रात्री जमिनीवरच, गवतात, एकमेकांच्या सोबतीने झोपतात. त्यांना झाड नको. त्यांना उंच, न तुडवलेले गवत हवे.

गुरुजींनी शाळेत एक वही घातली. दर डिसेंबरात एक संध्याकाळ ठरवून मुले ओढ्याच्या काठी बसत आणि मोजत. पहिल्या वर्षी २३ झाले. मग १९, मग २६, मग २१.

पाचव्या वर्षी ग्रामसभेत ठराव आला. माळ पडीक आहे, सलग समतल चर खोदून सगळीकडे झाडे लावावीत. ठराव मांडणारे गावाचे वैरी नव्हते. भल्यासाठीच ते बोलत होते. गुरुजी उठले आणि त्यांनी सातवीतल्या एका मुलीला वही वाचायला सांगितली. तिने चार वर्षांचे आकडे वाचले. कोणीतरी म्हणाले, "पाखरं काय मतं देत्यात व्हय?" सभा हसली. मुलगी गांगरली, पण खाली बसली नाही. म्हणाली, "गवत हाय म्हणून नाकतोडे हायत, नाकतोडे हायत म्हणून पाखरं येत्यात. गवत गेलं की नाकतोडे कुठं जातील? आपल्या पिकात."

तेव्हा मागे बसलेले एक म्हातारे धनगर उठले. "पाखरांचं मला कळत न्हाई. पर गवात हाय म्हणून माझी मेंढरं हायती. माळ पडीक न्हाई, त्यो राबतोय. झाडं लावायची तर वढ्याच्या कडंनं लावा की." आणि मग सभा विचार करू लागली.

शेवटी ओढ्याकाठी आणि रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यात झाडे लावायची, बाकीचे गवत राखायचे, असे ठरले. इथे गोष्ट संपली असती तर गोड झाली असती. पण रस्त्याकडच्या त्या पट्ट्यातच भोवत्यांचे निम्मे गवत होते. त्या हिवाळ्यात मुलांनी मोजले, ते १४ भरले. एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, २० लिहू या का? लोकांना बरं वाटंल." गुरुजींनी १४ च लिहायला लावले. मला त्या १४ चे फार मोल वाटते. खोटे २० लिहिले असते तर आधीच्या चारही वर्षांचे आकडे खोटे पडले असते, आणि पुन्हा कधी ग्रामसभेत उभे राहायला तोंड उरले नसते. मागच्या वर्षी १७ आले.

म्हणून शिक्षक बंधु-भगिनींना माझी विनंती आहे. शाळेत अशी एक वही घाला. साहित्य काही नको. दुर्बीण मिळाली तर चांगलेच, नसेल तरी अडत नाही. सकाळी लवकर निघा, मातकट रंगाचे कपडे घाला, सूर्य पाठीशी ठेवा आणि बोलणे कमी करा. पक्षी चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा, हे आधी ठरवा. मग चोच, शेपूट, चाल पाहा. तारीख, वेळ, जागा, संख्या आणि तो काय करत होता, एवढे लिहा. नाव येत नसेल तर गावातले नाव लिहा; तेही येत नसेल तर चित्र काढा. घरट्याजवळ जाऊ नका. हल्ली मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावतात, तेही करू नका. पाहुण्याला खोटी हाक मारणे बरे नव्हे.

मुहूर्तही तयार आहे. महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अली यांचा जन्मदिवस. जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना असते. १९८७ पासून ती आशियातल्या अनेक देशांत एकाच सुमारास होते. आपल्या गावतळ्यावरची बदकेही त्यात मोजली जाऊ शकतात.

आणि शेतकरी बांधवांना एवढेच सांगतो. नोंद ठेवण्यात तुम्ही आमच्या पुढेच आहात. टिटवीने अंडी कुठे घातली, भोरडी केव्हा उतरली, धोबी केव्हा आला, हे तुमच्या ध्यानात असतेच. फक्त ते घरातल्या शाळकरी मुलाला सांगा, म्हणजे तो लिहून ठेवील.

यंदा आमच्या पटांगणावर धोबी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आला. वहीत लिहिले आहे. तो मुलगा, ज्याने माझी फजिती केली, आता शेती करतो. त्याचा फोन त्याच्या आधी तीन दिवस आला होता: "सर, तुमचा खंजन आला बरं का आमच्या पाटावर!" माळावरच्या भोवत्यांची मोजणी मात्र अजून व्हायची आहे. डिसेंबरातल्या ठरल्या संध्याकाळी मी तिथे जाणार आहे. यंदा किती उतरतात, ते मुले मोजतील आणि जेवढे दिसतील तेवढेच लिहितील.