पावसाळा आणि घरांतील हत्यारें

आषाढ-श्रावणांत मुंबईच्या हवेंतील सापेक्ष आर्द्रता बहुधा शेंकडा ८० च्या वर असते. अशा दिवसांत माळ्यावरील हत्यारांची पेटी उघडावी, तों उन्हाळ्यांत लखलखीत करून ठेवलेल्या पटाशीवर तांबूस पूड दिसते. पावसाचा थेंबही पेटींत शिरलेला नसतो. मग हा गंज आला कोठून?

लोखंड, पाणी आणि हवेंतील प्राणवायु हीं तिन्ही एकत्र आलीं म्हणजे गंज उत्पन्न होतो. आर्द्रता शेंकडा ६० च्या आसपास पोहोंचली, कीं धातूवर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पातळ थर जमूं लागतो, आणि तेवढें पाणी या कामाला पुरतें. त्यांत घामांतील मीठ मिसळलें तर गंजण्याचा वेग वाढतो. म्हणूनच पुष्कळदां पहिला डाग बोटांच्या ठशाचा असतो. अॅल्युमिनियमवर चढणारा थर आंतील धातूचें रक्षण करतो. लोखंडाचा गंज सच्छिद्र असल्यामुळें त्याच्याखालीं झीज चालूच राहते.

कित्येक घरीं वर्षांतून एकदां हत्यारें घासलीं, कीं कर्तव्य संपलें असें मानतात. परंतु गंज म्हणजे वरून बसलेला मळ नव्हे. तें खर्ची पडलेलें लोखंडच होय, व घासल्यानें तें परत मिळत नाहीं. पटाशीची धार दोन गुळगुळीत बाजू जेथें मिळतात तेथें तयार होते. पाठीवर खळगे पडले, तर धार लावूनही ती खांडेरी राहते.

हलका गंज रॉकेल व बारीक पॉलिश-पेपर यांनीं निघतो. जुना गंज असेल, तर लांकडी मूठ बाहेर राहील अशा रीतीनें पातें रात्रभर व्हिनेगरांत बुडवावें. सकाळीं ब्रशानें घासून खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें धुवावें, म्हणजे उरलेलें आम्ल निष्प्रभ होतें. मग लगेच कोरडें करून तेल लावावें. येथें आळस झाला, तर उघडें पडलेलें लोखंड थोड्याच वेळांत पुन्हा तांबूस होतें.

रोजचा उपाय याहून पुष्कळ सोपा आहे. काम संपतांच हत्यार कोरड्या फडक्यानें पुसावें आणि पात्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा पुसट हात फिरवावा. चामड्याच्या म्यानांत तें फार दिवस ठेवूं नये. चामडें ओल धरून ठेवतें. घरांतील मुलाच्या हातीं पहिली पटाशी देतांना तेलाचें फडकेंही सोबत द्यावें. ती संवय लागली, तर त्याची पटाशी पुढील पिढीच्याही उपयोगीं पडेल.