सैतानाचा शोध कोठें घ्यावा?



महोत्सवाच्या या शुभ दिवशीं सैतानाचें नांव काढणें कित्येकांस रुचणार नाहीं. परंतु ज्या शत्रूशीं आपली नित्य गांठ, त्याची रीत ओळखणें हेंही भक्तीचेंच अंग होय.

एदेन बागेंत सर्पानें हव्वेचा हात धरून फळ तोडविलें नाहीं. त्यानें केवळ तिच्या मनांत देवाविषयीं संशय पेरला. पुढें देवानें विचारतांच आदामानें हव्वेकडे बोट दाखविलें व हव्वेनें सर्पाकडे. दुसऱ्यावर दोष ढकलण्याचा मोह पापाच्या पाठोपाठच जगांत शिरला.

अरण्यांत चाळीस दिवस उपोषित असलेल्या प्रभु येशूपुढेंही सैतानानें आमिषेंच मांडलीं: भाकरी, चमत्कार आणि राज्यवैभव. स्तोत्रांतील वचनदेखील त्यानें आपल्या सोयीनें वापरिलें. प्रभूनें प्रत्येक वेळीं शास्त्रवचनानेंच त्यास निरुत्तर केलें. संत याकोब तर बजावितो कीं, देव कोणासही मोहांत घालीत नाहीं. ज्याची त्याची वासनाच त्यास ओढून नेते.

आतां आपल्या मुलखाकडे पाहूं. तापी व सातपुडा यांच्या मधल्या या शिरपूर भागांत आणि शेजारच्या डोंगरपट्ट्यांत मूल दगावलें, बैल मेला, कीं एखाद्या निराधार बाईस ‘डाकीण’ ठरविण्याची दुष्ट चाल पूर्वापार आहे. अशा बायांस मारहाण झाली, गांव सोडावें लागलें, कित्येकींचे प्राणही गेले. कोणासही सैतान किंवा सैतानाचा अवतार ठरविणें हा महाराष्ट्रांत २०१३ च्या कायद्यानें गुन्हा असून त्यास ६ महिन्यांपासून ७ वर्षांपर्यंत कैद आहे. पण शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास दहा आज्ञांनीं त्याआधींच मनाई केलेली आहे.

‘सैतान’ या मूळ हिब्रू शब्दाचा अर्थच विरोधक, आरोप करणारा असा आहे. मग त्या अंगणांत सैतान कोठें असतो? भिंतीशीं थरथरत उभ्या असलेल्या म्हातारीच्या ठायीं नव्हे. तर तिच्यावर आळ घेणाऱ्या जिभेवर, आणि तिच्या शेताच्या तुकड्यावर डोळा ठेवणाऱ्या मनांत.

म्हणून दुखणें आल्यास डॉक्टरांकडे जा, भगताकडे नको. भूतबाधेची शंका आल्यास धर्मगुरूंस सांगा. सैतान घालविण्याचा विधि धर्मगुरूंसही महागुरूंच्या स्पष्ट परवानगीवांचून करतां येत नाहीं, इतकी ख्रिस्तसभा याविषयीं सावध आहे. आणि रोजच्या मोहासाठीं प्रार्थना, उपवास, कुमसार व पवित्र ख्रिस्तशरीर हीं शस्त्रें प्रत्येकाच्या हातीं आहेत.

उद्यां गांवांत अशी कुजबुज उठली, तर त्या बाईच्या दाराशीं पहिला उभा राहणारा माणूस आपल्या धर्मग्रामांतला असावा. प्रभु आपणांस तें धैर्य देवो. आमेन.